नेमाण्णा आणि वखारीतली मोटार

नेमाण्णा गेले त्या आठवड्यात शाळेत शोकसभा झाली. एका वक्त्यांनी त्यांचे वर्णन 'निःशंक बुद्धीचा माणूस' असे केले. लोकांनी माना हलवल्या. मी मागच्या बाकावर बसलो होतो. ज्यांच्याविषयी हे बोलणे चालले आहे त्यांना मी ओळखत होतो की नाही, असे वाटू लागले. माझे नेमाण्णा निःशंक कधीच नव्हते. शंका हेच त्यांचे घर होते. त्या घरात ते सुखाने राहत, आणि कुणी दार लोटून 'उत्तर सापडले' म्हणत आत आले तर थोडे दचकत.

त्यांचे पूर्ण नाव नेमगोंडा पाटील. निपाणीच्या आमच्या हायस्कुलात ते शास्त्र आणि गणित शिकवत, मी मराठी. मी बेळगावच्या शहापुरातला, मागावर बसणाऱ्यांच्या घरातला. नोकरीमुळे निपाणीत आलो आणि त्यांच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली. मुले त्यांना पाटील सर म्हणत, सारे गाव नेमाण्णा म्हणे.

उंच, खांद्यात किंचित वाकलेले. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिच्या जागी काळा दोरा. तो कानाला गुंडाळलेला असे. चालताना नजर जमिनीवर. परक्याला वाटावे, यांचे काही हरवले आहे. वाटेत मुंग्यांची रांग लागली की ते थांबत. रांग काही संपत नसे. मग रस्ता सोडून, कुणाच्या तरी अंगणातून, वळसा घालून पुढे जात. विहिरीचे पाणी कापडातून गाळून घेत आणि ते कापड पुन्हा त्याच विहिरीत धुऊन काढत. का, म्हणून मी पहिल्याच आठवड्यात विचारले. म्हणाले, "त्यातले जीव त्यांच्या घरी जाऊ देत की, मास्तर. आपल्याला पाणी पायजे, ते न्हवंत."

संध्याकाळी सूर्य मावळण्याआधी त्यांचे जेवण होई. जैनांच्या घरी ती रीतच. पण बोलता बोलता एखादा प्रश्न मनात अडकला तर घास हातात तसाच राही, आणि उजेड सरला की तो घास खाली ठेवून ते उपाशी उठत. असे महिन्यातून दोनदा तरी घडे.

"अजून कळलं न्हाय," हे त्यांचे वाक्य. वर्गातही तेच. एकदा इन्स्पेक्टर आले. त्यांनी एका मुलाला विचारले, "लोहचुंबक लोखंडाला का ओढतो?"

मुलगा ताठ उभा राहिला. "पाटील सरांना अजून कळलं न्हाय, साहेब."

वर्गातले कुणी हसले नाही, हे विशेष. इन्स्पेक्टरांनी नेमाण्णांकडे पाहिले. नेमाण्णा हात जोडून म्हणाले, "खरं हाय, साहेब. कसा ओढतो ते सांगता येतं. का, ते न्हाय कळलं. आपल्याला कळलं असंल तर वर्गाला सांगावं, मीही बसून ऐकतो." आणि ते खरोखरच पहिल्या बाकावर मुलांमध्ये जाऊन बसले. इन्स्पेक्टरांनी घड्याळ पाहिले आणि ते पुढच्या वर्गाकडे वळले. नेमाण्णांना यात काही गंमत झाली असे मुळीच वाटले नव्हते. नंतर मला म्हणाले, "थांबले असते तर बरं झालं असतं. त्यांना म्हाईत असावं असं वाटलं होतं."

शाळेत ते पृथ्वीचा गोल फिरवून दिवस-रात्र शिकवत, आणि चातुर्मासात बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात, सपाट पृथ्वीचे, म्हणजे जंबूद्वीपाचे, वर्णन शेवटपर्यंत मन लावून ऐकत. तंबाखूच्या एका व्यापाऱ्याने भर बाजारात चिमटा काढला, "काय नेमाण्णा, गोल का चपटी? एक काय ते ठरवा." नेमाण्णा म्हणाले, "दोन्हीकडं माझी हजेरी लागती हो. मी कुठं कुणाला उठवून लावू?" व्यापारी हसला. मला मात्र अजून ठरवता येत नाही, ते विनोद करत होते की अडचण सांगत होते.

मोटारीचा प्रसंग दुसरे महायुद्ध संपल्यानंतरचा.

त्यांची थोरली बहीण पद्माक्का. यजमान तंबाखूचे व्यापारी. दर शनिवारी स्वतःच्या मोटारीने तवंदीचा घाट चढून बेळगावला जायचे. युद्धाच्या सुरुवातीला ते विषमज्वराने गेले. पुढे पेट्रोल रेशनवर आले, आणि पद्माक्कांनी मोटार वखारीत नेऊन लाकडी ठोकळ्यांवर चढवली, वरून गोणपाट टाकले. त्यांची एकुलती मुलगी सुमती तेव्हा परकर-पोलक्यात होती. आता तिचे लग्न ठरले होते, बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका वकिलांच्या घरी. त्यांच्याकडे नवी मोटार होती, नवरी न्यायला ती पाठवतो म्हणून निरोपही आला.

पद्माक्कांनी नको म्हणून कळवले. "पोरगी बापाच्या गाडीतनं जाईल. त्येवढं तरी बापाचं असू दे तिच्यासंगं." आणि नेमाण्णांना बोलावून म्हणाल्या, "नेमा, तू पोरांना ईज शिकवतोस न्हवं? मग एका गाडीत ईज भरायला काय जड हाय रं तुला?"

वखारीचे दार उघडले तेव्हा मीही होतो. तंबाखूच्या धुळीने आम्ही इतके शिंकलो की बराच वेळ मोटार दिसलीच नाही. नेमाण्णांना भीती होती की उंदरांनी तारा कुरतडल्या असतील. पण तंबाखूत उंदीर कुठला यायला! गाडी जशीच्या तशी होती. जुना ड्रायव्हर दस्तगीर तिच्या टपावरून हात फिरवत पद्माक्कांना म्हणाला, "मालकीण, झोपलीया नुसती."

बेळगावहून नवी बॅटरी आणली. दस्तगीरने पुढून हँडल मारले आणि इंजिन खोकत खोकत सुरू झाले. गल्लीतली माणसे जमली. दोन दिवस गाडी गावात फिरली. तिसऱ्या दिवशी बॅटरी संपली. चालत्या इंजिनावर डायनामो फिरतो, तो वीज तयार करून बॅटरीत भरतो. पण समोरच्या फळीवरचा काटा दाखवत होता की बॅटरीतून वीज जाते आहे, येत काहीच नाही.

कोल्हापूरचा एक मिस्त्री आला. म्हणाला, डायनामो मेला. बेळगावचा दुसरा आला. तो म्हणाला, डायनामो ठणठणीत, कटआउट गेला. दोघेही ठाम होते. नेमाण्णांनी दोघांना मनापासून चहा पाजला आणि दोघांचेही मानले नाही.

मग शाळा सुटली की ते वखारीत जाऊ लागले, आणि मी पुस्तक घेऊन त्यांच्या मागे. मला मोटारीतले काही कळत नव्हते. पण त्यांना न कळताना पाहणे मला आवडे. डायनामो उघडून त्यांनी आतले काळे पडलेले तांबे बारीक काचकागदाने घासले. कार्बनचे झिजलेले तुकडे बदलले. तरी काटा हलेना. ते तंबाखूच्या एका बोदावर, म्हणजे बांधलेल्या मोठ्या गठ्ठ्यावर, जाऊन बसले. मग म्हणाले, "मास्तर, डायनामोला सुरुवात करायला थोडं चुंबकत्व लागतं. मागचं उरलेलं. लई दिवस पडून राहिला की लोखंड ते इसरत असंल का?"

"लोखंड विसरते?"

"बघू. आठवण करून देऊ."

बॅटरीची तार त्यांनी डायनामोच्या तोंडाला क्षणभर टेकवली. ठिणगी उडाली. दस्तगीरने हँडल मारले, इंजिनाचा आवाज वाढवला, आणि काटा भरतीच्या बाजूला कलला. दस्तगीर ओरडला, "आली, आण्णा, आली!"

नेमाण्णांचा चेहरा उतरला. "येवढ्यानं झालं? पटत न्हाय."

त्यांचे न पटणे बरोबर ठरले. सकाळी बॅटरी पुन्हा मलूल. मग कटआउटची पाळी. डायनामो थांबला की बॅटरीतली वीज उलटी त्याच्याकडे जाऊ नये म्हणून हे एक दार असते. ते गंजून उघडेच राहिले असेल, असा त्यांचा तर्क. ते साफ केले. शिवाय संध्याकाळी बॅटरीची तारच सोडवून ठेवली. वीज जायला एकही वाट उरली नाही. सकाळी पाहिले, तर बॅटरी आणखी अशक्त.

इथून नेमाण्णांचा गोंधळ सुखाचा राहिला नाही. लग्न जवळ आले होते. पद्माक्का रोज दुपारी वखारीच्या दाराशी येऊन विचारत, "झाली का रं?" आणि ते जमिनीकडे बघत मान हलवत. शाळेच्या प्रयोगशाळेतून त्यांनी द्रवाचा दाटपणा मोजायची काचेची नळी आणली. बॅटरीतले ॲसिड दिवसेंदिवस पातळ होत होते. "पाऊस न्हाय, गळती न्हाय," ते मला म्हणाले, "आन् बॅटरीत पाणी वाढतंय. मास्तर, मला येडबिड लागलं न्हाय न्हवं?"

मी नाही म्हणालो. पण मला खात्री नव्हती.

एका सकाळी शाळेआधी आम्ही गेलो. त्यांनी बॅटरीची बुचे काढली, एक नाकाशी नेले आणि तसेच धरून ठेवले. मग माझ्यापुढे केले. "वास घ्या."

तंबाखूचा वास होता. ॲसिडचा होता. आणि त्या दोन्हींच्या खाली, अगदी हलका, चंदनाचा. बुचाच्या आट्यात केशराची एक काडी अडकली होती.

बस्तीत सकाळी मूर्तीला अभिषेक होतो. त्या पाण्याला गंधोदक म्हणतात. चंदन, केशर, कधी दूध असते त्यात. लोक ते बोटाने कपाळाला आणि डोळ्यांना लावतात. त्याचा थेंब पायदळी जाऊ देत नाहीत. पद्माक्का रोज वाटीभर घरी आणत. हे मला इतकी वर्षे शेजारी राहून ठाऊक होते. ती वाटी घरी जाताना वखारीवरून जाते, हे मात्र आम्हा दोघांच्याही डोक्यात आले नव्हते.

नेमाण्णा बोदावर बसले. "तीन तोंडं हाईत बॅटरीला," ते म्हणाले. "दर्शन, ज्ञान, चारित्र्य. आक्काला लई बरं वाटलं असंल." त्यांचा धर्म ज्या तीन रत्नांवर उभा आहे ती त्यांनी बोटांवर मोजली आणि मूठ मिटली.

"सांगून टाका त्यांना," मी म्हणालो.

"काय सांगू? गंधोदकानं गाडी बिघडली म्हणून? पोरीच्या लग्नाच्या तोंडावर? जन्मभर तिच्या डोक्यात ऱ्हाईल ते. पोरीला साधं पडसं झालं तरी तिला हेच आठवंल."

"मग दुसरे काही कारण सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. अनोळखी रस्त्यावर वाट विचारावी आणि समोरच्याने भलतीकडे बोट दाखवावे, तसे.

त्या दिवशी त्यांनी रजा टाकली. बॅटरी रिकामी करायची होती आणि तिथे नवाच पेच उभा राहिला. आत गंधोदक होते, म्हणून ते गटारात ओतता येईना. झाडाच्या बुंध्याशी घालावे, तर ॲसिडने झाड मरेल. उघड्या मातीत टाकावे, तर किडामुंगी मरेल. मी म्हणालो, त्यात आता पवित्र ते काय राहिले? म्हणाले, "कुठनं पवित्र संपलं आन् कुठनं ॲसिड लागलं, ते दाखवा." शेवटी त्यांनी त्यात चुना कालवला, तंबाखूच्या गावात चुन्याला तोटा नव्हता. मग वखारीमागच्या मुरमाड जागेत वाकून वाकून फिरले, जिथे एकही मुंगी दिसली नाही असा कोपरा शोधला, आणि तिथे ते पांढरे पाणी हळूहळू जिरवले. वरून दगड ठेवला, कुणाचा पाय पडू नये म्हणून. मी हे सगळे उभा राहून पाहिले. हसू यावे अशी गोष्ट होती. मला हसू आले नाही.

बॅटरीत नवे ॲसिड भरले, बॉनेटला पट्टा बांधला. दुसऱ्या सकाळी पट्टा सुटलेला आणि बुचाला चंदनाचा वास. दस्तगीरला विचारले तर तो म्हणाला, "मालकिणीनं सांगितलं, सोड. देवाचं पाणी घालाय निघाल्या, तर मी कोण आडवणार, आण्णा?"

तेव्हा नेमाण्णा तसेच उठून बहिणीच्या घरी गेले. मी अंगणात थांबलो. पद्माक्का सोप्यात गहू निवडत होत्या, सुमती आत कुठेतरी होती.

"आक्का, गाडीत गंधोदक घालतीस व्हय?"

"व्हय. का? तुझ्या मिस्त्र्यांनी काय दिवं लावलं? म्हटलं, देवाच्या कानावर तरी घालावं."

"घालू नगंस."

"का?"

नेमाण्णा चष्म्याचा दोरा बोटाने सारखा करत राहिले. "त्यानंच बॅटरी बिघडती."

पद्माक्कांचा हात सुपात थांबला. "देवाच्या पाण्यानं?"

"व्हय."

"नेमा, माझ्याकडं बघ. जन्मभर तुला कुठली गोष्ट पुरती कळली न्हाय. आमच्या ह्यांच्या दुखण्यातबी डॉक्टर सांगंल ते तुला पटत न्हवतं. आता हे तुला कळलंय, का नुसतं वाटतंय?"

मी अंगणातून पाहत होतो. त्यांना सुटायला जागा होती. 'वाटतंय' म्हटले असते तर ते रोजच्यासारखेच झाले असते, कुणाला खोटेही वाटले नसते.

"कळलंय, आक्का," ते म्हणाले.

पद्माक्का सूप बाजूला सारून उठल्या आणि आत गेल्या. लग्नापर्यंत त्या भावाशी बोलल्या नाहीत. वखारीकडेही फिरकल्या नाहीत.

बॅटरी तशी सावरली, पण पूर्ण नाही. आतल्या पट्ट्यांना जे व्हायचे ते झाले होते, आणि आता नवी बॅटरी आणायला वेळ नव्हता. इंजिन जोरात असेतो गाडी चाले. जरा मंदावले की काटा मागे जाई आणि इंजिन धापा टाकून थांबे. घाट ती चढेल की नाही, हे नेमाण्णांना सांगता येईना. वकिलांची नवी मोटार वऱ्हाडाबरोबर आलीच होती, बस्तीच्या कोपऱ्यावर ती चकाकत उभी होती, आणि पाहुण्यांपैकी कुणीतरी दोनदा विचारून गेले, "मग, कशातनं निघायचं?"

पाठवणी दुपारी ठेवली होती, म्हणजे टिळकवाडीत दिवस मावळण्याआधी जेवणे व्हावीत. दस्तगीरने गाडी दारात आणली आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढेना. इंजिनाच्या आवाजात बायकांचे रडणे ऐकू येत नव्हते, वाजंत्रीही नाही. नेमाण्णा खिडकीतून आत वाकून एकटक काट्याकडे बघत होते. सुमती मागे बसली. तिने सीटवरून हात फिरवला, आणि मग मात्र तिला आवरेना.

पद्माक्का आतून गंधोदकाची वाटी घेऊन आल्या. मुलीच्या कपाळाला लावले, जावयाच्या लावले. दस्तगीरने पाय तसाच दाबून ठेवत मान पुढे केली, त्यालाही लावले. वाटीत थोडे उरले होते. त्या गाडीला वळसा घालून समोर आल्या आणि बॉनेटपुढे उभ्या राहिल्या. बोट वाटीत बुडवलेले. बॉनेट थरथरत होते. त्यांचा हात वर आला, थांबला, खाली गेला, पुन्हा वर आला. लावावे की लावू नये, हे त्यांना ठरवता येत नव्हते हे सगळ्यांना दिसत होते. बाहेरून लावले तर काही बिघडत नाही, हे मलासुद्धा कळत होते. पण मी पुढे झालो नाही.

नेमाण्णा खिडकीपासून निघून पुढे आले. टोपी काढून त्यांनी माझ्या हातात दिली, पाहिलेही नाही कुणाच्या हातात देतो आहोत ते. मग गाडी आणि बहीण यांच्यामध्ये जाऊन उभे राहिले आणि मान खाली घातली. पद्माक्का त्यांच्या विरळ केसांकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी बोट नव्हे, वाटीच कलती केली. पाणी त्यांच्या डोक्यावरून कानाकडे, दोऱ्यावरून मानेवर ओघळले.

"बस जा," त्या म्हणाल्या. "बंद पडंल न्हायतर."

ते दस्तगीरच्या शेजारी बसले आणि गाडी हलली. घाट ती चढून गेली, म्हणून मागाहून कळले. कशी चढली ते त्यांनी मला पुष्कळ दिवस सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांना ते जुळवता येत नव्हते. पुढे आम्ही आणखी काही काळ एकाच घरात राहिलो, शेवटच्या दुखण्यात मी त्यांच्या उशाशीही बसलो. तरी नेमाण्णा म्हटले की मला तीच गाडी दिसते, गल्लीच्या तोंडाशी वळणारी. मागच्या काचेतून सुमतीचा पदर, आणि त्याच्या पलीकडे त्यांचे उघडे, ओले डोके. पाणी त्यांनी पुसले नव्हते.